मार खाणारा मोजतो

उकळत्या अंड्यांच्या पातेल्यावरचं झाकण थडथडलं, घसरलं आणि फरशीवर पडून भिंगरीसारखं गरगरत राहिलं. रविवारची सकाळ होती. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं, त्यामुळे तो आवाज होता त्याहून मोठा वाटला. टेबलाखाली बाहुलीला निजवत बसलेली ठमी दचकून "आई गं" म्हणाली. तिची आई हातातला टॉवेल टाकून धावली. ठमीचा मामा मात्र झाकणापासून दोन हातांवर पाठमोरा बसून आपल्या काठीच्या टोकाला चामडं गुंडाळत होता, तो तसाच गुंडाळत राहिला.

झाकण फिरून फिरून दमलं आणि गप्प झालं. मामाची मानसुद्धा हलली नाही.

म्हणजे उजवाही गेला, ठमीची आई मनाशी म्हणाली. डावा कान लहानपणीच गेला होता. उजवा तीन वर्षांपासून पायरी पायरीने उतरत होता आणि ते जगात फक्त तिला ठाऊक होतं. ती पुढे गेली, आपल्या दादाच्या समोर उकिडवी बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "आज मास्तरच्या डोक्यावर टोप नको. मी मालकांना सांगते."

"का?"

"टोपाला तोंडावर जाळी आहे. मास्तरचे ओठ दिसायचे नाहीत तुला."

दादाने दाताने दोरा तोडला. "कपडेवालीने आठ दिवस खपून केलाय तो टोप. आज पहिला प्रयोग, आणि तू जाऊन काय सांगणार? माझा भाऊ ठार बहिरा आहे, त्याला तोंड दाखवा?"

"हळू बोल, ठमी आहे."

"मी पायांकडे बघेन. मास्तर मान खाली घालतो तेव्हा आधी उजवा पाय सरकवतो. पाय सरकला की काठी सोडायची. सोपं आहे."

ती काही बोलली नाही. पुढे कित्येक दिवस ती त्या गप्प बसण्याकडे परत परत जात राहिली. पण त्या वेळी अंडी सोलायची होती, ठमीची वेणी घालायची होती आणि दुपारी तीनचा प्रयोग होता.

त्यांच्या घरचा धंदा नाटकातल्या मारामाऱ्या बसवण्याचा. वडिलांनी चाळीस वर्षं तेच केलं. गावातल्या कुठल्याही रंगमंचावर राजा मेला, दरोडेखोर मेला, नाहीतर सासू जिन्यावरून गडगडली, की त्यामागे वडीलच असायचे. जाहिरातीत खुर्च्या पुरवणाऱ्याचं नाव यायचं. विग धुणाऱ्याचंही एकदा आलं होतं. वडिलांचं कधी आलं नाही. "आपलं नाव छापून आलं तर समज की कुणीतरी खरंच मेलं," असं ते हसत सांगायचे. त्यांच्या वह्यांमध्ये नुसती पावलं काढलेली असायची, निळी मारणाऱ्याची आणि लाल मार खाणाऱ्याची. बघणाऱ्याला वाटावं दोघं जण नाचतायत.

आणि सगळ्या वह्यांच्या पहिल्या पानावर एकच नियम होता: मार खाणारा मोजतो. म्हणजे असं, की मारणारा कितीही मोठा नट असो, हात त्याने आपल्या मनाने चालवायचा नाही. मार खाणारा दबक्या आवाजात एक म्हणतो, दोन म्हणतो, आणि आपण तयार असलो तरच तीन म्हणतो. तो तीन म्हणाला नाही तर मारणाऱ्याने हात वरच्या वर धरून ठेवायचा, मग प्रेक्षकांनी हुर्यो केली तरी चालेल. थपडेचा आवाजसुद्धा मार खाणाराच काढतो, स्वतःच्या मांडीवर नाहीतर छातीवर हात मारून. मारणाऱ्याने फक्त रागावलेलं दिसायचं.

न मारायची ही विद्या वडिलांनी पोरांना मारून शिकवली. ती नऊ वर्षांची असताना एकदा तालमीत तिला हसू फुटलं आणि दोनच्या आधीच ती तीन म्हणाली. दादाची काठी तिच्या कपाळाला चाटून गेली. वडील उठले. त्यांचा हात उगारलेला तिने पाहिला, डोळे मिटले, आणि आवाज झाला तो दुसऱ्याच ठिकाणी झाला. डोळे उघडले तर चौदा वर्षांचा दादा मध्ये उभा. त्याच्या डाव्या कानातून रक्ताची एक ओळ निघून शर्टाच्या कॉलरपर्यंत आली होती. वडील दिवसभर त्याच्या कानाला गरम फडकं लावत बसले. मध्येच स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. पण "चुकलो" म्हणाले नाहीत, आणि दादानेही त्या दिवसाबद्दल पुढे पंचवीस वर्षांत तिला एक शब्द ऐकवला नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी दादा जेव्हा तिला म्हणाला, "उजव्यानेही कमी येतंय गं," तेव्हा ती लगेच कामाला लागली. वडील गेल्यापासून मारामाऱ्या ती बसवत होती आणि दादा त्यात काम करत होता. तिने सगळी पावलं बदलली. प्रत्येक माराच्या आधी समोरच्याचं तोंड दादासमोर येईल, उजेडात येईल, अशी रचना केली. दादा ओठ वाचायचा. लोकांना ते काही कळलं नाही. "काय नजर भिडवतो हा माणूस," असं म्हणत ते टाळ्या वाजवायचे. ती विंगेत उभी राहून तेवढ्यापुरती सुखावायची आणि रात्री ठमीच्या अंगावर हात टाकून जागी राहायची.

मास्तर हा कंपनीतला नवा नट. सकाळी शाळेत गणित शिकवायचा, दुपारी तालमीला यायचा. मोजणं एकदम चोख. "एक, दोन, तीन" असं म्हणायचा की जणू समोर चाळीस पोरं बसलीत.

"मास्तर, पाढे नका म्हणू, मारामारी आहे," दादा त्याला चिडवायचा.

"मग तुम्ही वेळेवर मारा ना. की दरवेळी भोंगा घेऊन येऊ?" मास्तर सहज बोलायचा. त्याला काही माहीत नव्हतं. सगळे हसायचे, दादाही सगळ्यांच्या तोंडाकडे बघून, जरा उशिराने हसायचा.

नाटकाचा शेवट नऊ मारांचा होता. दादा बंडखोर सरदार, मास्तर म्हातारा किल्लेदार. पहिले दोन मार खांद्यांवर. तिसरा डोक्यावर, काठी आडवी येते, किल्लेदार मान खाली घालतो आणि मार लागल्यासारखा कोसळतो. मग जमिनीवरचे सहा, एका तालात. काठी जिथे पडणार तिथून किल्लेदाराने प्रत्येक वेळी लोळून बाजूला व्हायचं. नवव्याला जीव जातो.

त्या दुपारी ठमी विंगेत उपड्या खोक्यावर बसली होती, अंड्याचा पिवळा भाग ओठाला लागलेला. तिला हा खेळ पाठ होता. आईने तिला कधीच समजावून ठेवलं होतं: हे खोटं असतं, घाबरायचं नाही, नाटकात पडलेला माणूस घरी जाऊन जेवतो.

आधीच्या प्रवेशात किल्लेदाराच्या मुलीच्या हातून सुरई पडायची. तालमीत ती रोज रिकामी असायची. त्या दिवशी कुणीतरी तिच्यात पाणी तसंच ठेवलं होतं. थारोळं छोटंसं झालं, लाल दिव्यात कुणाला दिसलं नाही.

एक. दोन. पहिले दोन्ही मार नेमके बसले. तिने विंगेतून मास्तरचा आवाज ऐकला, टोपातून घुमून येणारा, पण स्पष्ट. तिसऱ्या माराची मोजणी सुरू झाली. "एक," मास्तर म्हणाला. "दोन." आणि त्याचा उजवा पाय पाण्यावरून सरकला. तोल सावरायला त्याने मान वर केली. तीन तो म्हणाला नाही. नियम त्याने बरोब्बर पाळला.

दादा पायाकडे बघत होता. पाय सरकलेला त्याने पाहिला आणि काठी सोडली.

पत्रा चेपल्याचा आवाज आला, रद्दीवाला डबा चेपतो तसा. टोपाची डावी बाजू आत गेली आणि मास्तरच्या गालात घुसली. जाळीतून रक्त बाहेर आलं, आधी थेंब, मग धार. तो कोसळला तो बसवलेल्या जागीच कोसळला, म्हणून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण तर उठून उभा राहिला.

"थांब!" ती विंगेतून ओरडली. ते ऐकू जाणार नाही हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

चौथा मार. मास्तर लोळला नाही. काठी त्याच्या मनगटावर पडली आणि हाताचा पंजा उलटा वळला. पाचवा मार बरगड्यांवर. तोवर ती रंगमंचावर पोचली होती, पायात चपला तशाच. ती मास्तरच्या अंगावर पडली आणि सहावा तिने आपल्या खांद्यावर घेतला. वेदनेने तिच्या डोळ्यांपुढे काही क्षण सगळं पांढरं झालं. तिने मान वळवून वर पाहिलं, दादाला तोंड दिसेल असं, आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले. थांब.

काठी सातव्यासाठी वर गेली होती, तिथेच थांबली. घामाने दादाच्या डोळ्यांतलं काजळ गालावर उतरलं होतं. त्याने खाली बघितलं. काठीच्या टोकाला गुंडाळलेलं चामडं रक्ताने काळं पडलं होतं, आणि मास्तर जाळीतून घरघरत श्वास घेत होता.

चौथ्याला त्याला कळलं नसेल, तिने नंतर स्वतःला समजावलं. दिवा लाल होता, हात तालावर होता. पण पाचव्याला? तोवर माणूस लोळत नाही हे डोळ्यांना दिसत होतं की. पाचव्याचं काय, हे दादाला विचारायची हिंमत तिला होईना.

मंगळवारी दुपारी मालकांनी सगळ्यांना तालमीच्या हॉलवर बोलावलं. मालक म्हणजे साठीतला जाडा माणूस, वडिलांचा जुना दोस्त, तारुण्यात त्यांच्या हातून शंभर वेळा मेलेला. ठमी बाहेरच्या ओट्यावर खडूने रेघोट्या ओढत होती. आत सगळे भिंतीला टेकून उभे. कुणी कुणाकडे बघेना.

"मास्तरचा डोळा वाचला," मालक म्हणाले. "जबडा तारांनी बांधलाय. दीड महिना नळीने जेवण. हात कसा राहील ते सांगता येत नाही म्हणतात. आता मला सांगा, झालं काय?"

"पाणी सांडलं होतं," दादा म्हणाला. तो मालकांच्या बरोबर समोर उभा होता, खिडकीचा उजेड त्यांच्या तोंडावर पडेल असा. "पाय घसरला त्याचा."

"घसरला ना? मग तीन म्हणाला नसेल तो. तुझ्या बापाचा नियम आहे. मला त्याने चाबूक उगारून शिकवला होता."

दादाने एक श्वास घेतला. "म्हणाला. मी ऐकलं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. कपडेवाली म्हणाली, "नवखाच तो. गडबडला असेल."

"मोजणीत चुकला म्हणजे त्याचाच दोष," आणखी कुणीतरी बोललं. "गणिताचा मास्तर आणि मोजताच येईना."

कुणी हसलं नाही, पण ते तसंच ठरणार हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसू लागलं. किती सोयीचं होतं ते. तोंड तारांनी बांधलेला माणूस उठून सांगणार थोडाच होता, की मी तीन म्हणालो नाही. आणि बरा झाल्यावरही ज्याला मोजता येत नाही त्याच्यासमोर पुन्हा कोण उभं राहणार?

"तू विंगेत होतीस," मालक तिच्याकडे वळले. "तू बसवलेली मारामारी आहे. तू सांग."

दादाची नजर तिच्या ओठांवर येऊन बसली. लहानपणापासूनची ओळखीची नजर. हिने काय म्हणावं हे त्यात नव्हतं, फक्त ही काय म्हणते ते वाचायची तयारी होती. तिला त्याची ती रक्ताची कॉलर आठवली. खिडकीबाहेर ठमी आपल्याशीच काहीतरी गुणगुणत होती.

ती खाली बघून बोलली असती तर दादाला कळलंही नसतं. तेवढा भेकडपणा तिच्याने झाला नाही. ती त्याच्यासमोर तोंड करून, सावकाश बोलली.

"तीन कुणी म्हणालं नाही. मास्तर थांबला होता. दादाला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली."

मालकांनी खुर्चीची पाठ धरली. "आणि हे तुला माहीत होतं?"

"मीच लपवलं. पावलं मीच तशी बसवली."

मग मालक दमलेल्या आवाजात म्हणाले, "तुमचा बाप असता तर तुम्हाला दोघांना सोलून काढलं असतं त्याने. जा. तुमच्या काठ्या घेऊन जा. आणि दुसऱ्या कुठल्या कंपनीत मी तुमच्यासाठी शब्द टाकीन अशी आशा ठेवू नका."

दादा तिच्याकडे न बघता बाहेर पडला. ठमीच्या रेघोट्यांवरून चालत गेला. "मामा, पुसलंस," ती ओरडली. तो थांबला नाही.

तो घरी आला तेव्हा पाच वाजत आले होते. ठमीचे बाबा बोटीवर कामाला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात मायलेकीच होत्या. ती ओट्याशी भांडी विसळत होती, दुखरा खांदा जपत, एका हाताने. ठमी टेबलाखालच्या आपल्या घरात होती. दार वाजलं नाही, ढकललं गेलं.

"आता काय करू मी?" दादाने दारातूनच विचारलं. "सांग. हमाली करू? पाट्या टाकू?"

"दादा, बस आधी."

"मला दुसरं काय येतं? तुला येतं वह्या लिहायला. मला फक्त हे दोन हात येतात."

"मास्तरचा जबडा मोडला, हात मोडला, वर नावही गेलं असतं. त्याच्यावर ढकलायचं होतं का आपण?"

"आपण?" तो हसला. "आपण म्हणे. तिथे आपण नव्हतो. तिथे मी एकटा नागडा उभा होतो सगळ्यांसमोर." त्याने टेबलावरची कपबशी उचलून भिंतीवर फेकली, मग दुसरी, मग आख्खा ट्रे. काचा ओट्यापर्यंत उडाल्या. "हा कान कुणासाठी गेला? बोल ना. मोजायला चुकलं कोण?"

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. ती ते शब्द ऐकायला इतकी वर्षं तयार होती की आले तेव्हा तिला जवळजवळ बरं वाटलं.

"मी चुकले," ती म्हणाली. "पण पाचवा मार कशाला मारलास, दादा? चौथ्याला तुला दिसलं नव्हतं का?"

हे तिने विचारायला नको होतं. त्याचा चेहरा आधी रिकामा झाला, मग काळवंडला. त्याने खुर्ची लाथेने उडवली, तिच्या वेणीला हात घातला आणि तिला भिंतीशी आणलं. त्याचा श्वास तिच्या तोंडावर येत होता. तिने ओठ हलवले, काय म्हणाली ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने वेणी सोडली, एक पाऊल मागे गेला आणि हात उगारला. तो वडिलांचा हात होता. तसाच रुंद, तसाच अंगठा बाजूला काढलेला.

या वेळी मध्ये येऊन उभं राहायला कुणी नव्हतं.

हात आला. तिची मान आपोआप वळली, लहानपणापासून वळत आली होती तशी. तिचा उजवा तळवा मांडीवर की ओट्याच्या कडेवर आपटला. खाडकन आवाज झाला. ती आधी कमरेवर, मग धड असलेल्या खांद्यावर, मग दंडावर, अशी क्रमाने खाली गेली, हनुवटी छातीशी, डोकं जमिनीपासून वर धरून. सुंदर पडली. वडिलांनी मान डोलावली असती. गाल पेटल्यासारखा झाला होता, पण तो फरशीलाही घासला होता. तोंडात खारट लागत होतं, पण जीभ तिच्याच दाताखाली आली असेल. हात शेवटच्या वितीवर त्याने आवरला का? की मान वेळेत वळली म्हणून तो हवेत गेला? की लागला?

दादा तळहाताकडे बघत होता. जणू त्यालाही तेच हवं होतं, कुणीतरी सांगायला. मग तो काचा तुडवत दाराशी गेला, पण बाहेर पडला नाही. उंबऱ्यावर बसला, त्यांच्याकडे पाठ करून, खांदे हलत होते.

ठमी टेबलाखालून रांगत आली. काच चुकवत, एकेक तळवा जपून टेकवत, जशी चालायला लागायच्या आधी यायची. तिने बाहुली बाजूला ठेवली आणि आईच्या गालाला हात लावून पाहिला, मग स्वतःच्या. ती रडत नव्हती. रडायचं की नाही हे अजून ठरायचं होतं, आणि ते ठरवायला तिला आधी एक गोष्ट कळायला हवी होती. ती मामाला ऐकू जाऊ नये म्हणून आईच्या कानाशी आली आणि कुजबुजत म्हणाली, "आई, मामाने खरंच मारलं, की तू खोटी पडलीस?"